पौभा, थांका आणि ‘आधुनिक’ नेपाळी चित्र: एका प्रश्नाचे लांबलेले उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नेपाळमधल्या भक्तपूरच्या दुकानातून तुम्ही हिरव्या तारेचे, म्हणजे एका बौद्ध देवीचे, चित्र आणले. दुकानदाराने ‘अस्सल पारंपरिक पौभा’ म्हणून दिले. (पौभा म्हणजे काठमांडू खोऱ्यातल्या नेवार समाजाचे कापडावरचे देवचित्र; तिबेटी पद्धतीच्या अशा चित्राला थांका म्हणतात.) घरी एका जाणकार मित्राने त्यातले डोंगर, ढग आणि चेहऱ्यावरची छाया बघून ‘हे तर आधुनिक आहे, फसलास’ असे सांगून टाकले. आता तुम्हाला जाणून घ्यायचे आहे की नेपाळी कलेत परंपरा कुठे संपते, आधुनिक कुठे सुरू होते, आणि नवे म्हणावे असे तिथे काही घडले आहे की एकाच साच्यातून नकला निघत आहेत.

मी कापडावरच्या जुन्या चित्रांच्या संवर्धनाचे काम करते. पिछवाया, पट, थांके आणि अधूनमधून एखादी पौभा आमच्या टेबलावर येते. या कामामुळे एक सवय लागली आहे. चित्र समोर आले की ते जुने की नवे हे मी आधी ठरवत नाही. ते कोणी करवून घेतले आणि कशासाठी, ते शोधते. तुमच्या प्रश्नाची गाठ मला तिथेच दिसते. नेपाळमध्ये चित्र काढणारे हात कित्येक पिढ्या त्याच घराण्यांतले राहिले. बदलत गेला तो काम सांगणारा. आधी देवापुढे पुण्य जोडू पाहणारे कुटुंब, मग राणांचा, म्हणजे वंशपरंपरेने पंतप्रधान होणाऱ्या घराण्याचा, दरबार, मग सरकार, मग पर्यटक आणि आता गॅलऱ्या व परदेशातली प्रदर्शने. शैलीतले बहुतेक बदल या गिऱ्हाइकाच्या मागोमाग आलेले आहेत. त्यामुळे ‘या सालापर्यंत परंपरा, नंतर आधुनिक’ अशी रेघ मारता येत नाही. दोन्ही प्रवाह आज एकाच गल्लीत चालू आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते. नेपाळी कला म्हटले की आपण बहुधा काठमांडू खोऱ्यातल्या नेवार समाजाच्या कलेबद्दल बोलत असतो. तराईतल्या मैथिल बायकांची भिंतीवरची चित्रे, थारूंच्या मातीच्या घरांवरची उठावाची नक्षी, उत्तरेकडच्या गोंपांतली (बौद्ध मठांतली) भित्तिचित्रे यांचा इतिहास वेगळा आहे. मीही मुख्यतः खोऱ्याबद्दलच लिहिते आहे, कारण तुमचे चित्र तिथले आहे.

जुन्या काळाकडे पटकन बघू. लिच्छवी राजांच्या काळातले दगडकाम हा पाया. चांगुनारायणच्या देवळाच्या आवारात मानदेव राजाचा इ.स. ४६४ चा स्तंभलेख उभा आहे, आणि त्याच आवारातल्या विष्णूच्या मूर्ती बघितल्या की गुप्तकालीन शिल्पाशी असलेले नाते सांगावे लागत नाही. बुढानीलकंठचा पाण्यात पहुडलेला विष्णू सातव्या शतकातला, सुमारे पाच मीटर लांब, आणि आजही पूजेत. पण तुमच्यासाठी महत्त्वाचा माणूस तेराव्या शतकातला: नेवार कलावंत अर्निको. १२६० साली, ऐन तारुण्यात, तो ८० कारागिरांची तुकडी घेऊन तिबेटात स्तूप बांधायला गेला. तिथून कुबलाईखानाच्या दरबारी पोहोचला आणि चीनमध्येच राहिला. बीजिंगमधला पांढरा स्तूप त्याचा. १२७९ मध्ये पुरा झाला. क्लीव्हलंडच्या संग्रहालयात तेराव्या शतकातली हिरव्या तारेची एक लहानशी पौभा आहे, ती काही अभ्यासक अर्निकोची मानतात. म्हणजे तुमच्या तारेची आजी म्हणा हवे तर.

अर्निको एकटा नव्हता. नेवार चित्रकारांना तिबेटातल्या मठांतून पुढेही बोलावणी येत राहिली, आणि तिबेटी चित्रकलेत नेवार पद्धतीची एक अख्खी शैली रुजली. तिबेटात पुढे चिनी निसर्गचित्रांचा प्रभाव आला: निळे-हिरवे डोंगर, वळशा-वळशांचे ढग, धबधबे. हा ऐवज मग व्यापारी आणि भिक्षूंबरोबर खोऱ्यात परत आला. शिवाय सतराव्या-अठराव्या शतकात राजस्थानी चित्रांचे वळणही नेवार चित्रांत शिरले; पोशाख, पगड्या, घोडे बघा. तेव्हा तुमच्या मित्राचा ‘डोंगर-ढग दिसले म्हणजे आधुनिक’ हा मुद्दा टिकत नाही. डोंगर जुनेच आहेत, फक्त मूळचे नेवार नाहीत. चेहऱ्यावरच्या छायेबद्दल मात्र त्याचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे. त्याकडे पुढे येते.

जुनी पौभा आणि थांका यांतला फरक विचारलात तर मी सर्वात आधी खालची पट्टी बघते. जुन्या पौभेत मधोमध मोठी देवता, तिच्याभोवती तोरण किंवा देवळाची महिरप, पार्श्वभूमी बहुतेकदा तांबडी, बाजूला चौकटींतून लहान देवता. आणि अगदी खाली, दोन-तीन बोटे उंचीच्या पट्टीत, होमापुढे बसलेला वज्राचार्य पुरोहित आणि हात जोडून ओळीने बसलेले एक कुटुंब: पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मुले शेवटी. हेच यजमान. त्यांच्या खाली पुष्कळदा एक ओळ लिहिलेली असते. तिच्यात नेपाळ संवताचे साल, तिथी, देवतेचे नाव आणि करवून घेणाऱ्यांची नावे. त्या आकड्यात साधारण ८८० मिळवले की इसवी सन मिळते. चित्रकाराचे नाव फार क्वचित. आपल्याला आज चित्रकार कोण याची हुरहूर लागते. त्या काळी दाता कोण हे महत्त्वाचे होते, आणि चित्राने ते लपवलेले नाही.

हे कुटुंब चित्र करवून घ्यायचे त्याला निमित्तही ठरलेले असे. घरातले कोणी गेले, व्रत पुरे झाले, किंवा म्हातारपणाचा जंकू आला. आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शन करतात तसा नेवारांकडे वयाला ७७ वर्षे, ७ महिने, ७ दिवस झाल्यावर वृद्धाला रथात बसवून हा सोहळा करतात. त्यासाठी करवलेल्या पौभांमध्ये उष्णीषविजया ही दीर्घायुष्याची देवी येते आणि कधी रथातले म्हातारा-म्हातारीही दिसतात. असे चित्र भिंतीवर कायम टांगायचे नसतेच. ते गुंडाळून ठेवायचे, विशिष्ट दिवशी काढायचे. श्रावणाच्या सुमारास येणाऱ्या गुँला महिन्यात पाटण (खोऱ्यातलेच ललितपूर शहर) आणि काठमांडूचे विहार आपापल्या जुन्या मूर्ती आणि पौभा लोकांच्या दर्शनाला मांडतात. कधी जमले तर त्या दिवसांत जा. काचेमागचे चित्र बघणे आणि फुला-अक्षतांच्या गर्दीत तेच चित्र बघणे यांत मोठा फरक आहे.

‘अस्सल म्हणजे जुने’ या समजुतीला भक्तपूरचेच उदाहरण धक्का देते. तिथल्या नवदुर्गांचे मुखवटे ‘चित्रकार’ याच नावाच्या जातीची घराणी बनवतात. माती, कापूस, लगदा आणि रंग यांतून ते दसऱ्याच्या सुमारास तयार होतात. मग वर्षभर नाचणारे ते घालून गावोगाव फिरतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्या मुखवट्यांचे दहन होते. त्यांची राख पुढच्या वर्षीच्या मुखवट्यांत मिसळतात. आता यातला ‘मूळ’ मुखवटा कोणता? दरवर्षीचा नवा मुखवटाच अस्सल. संग्रहालयात जपलेला जुना मुखवटा हा एका अर्थी नियम मोडून उरलेला. नेपाळी परंपरेत नक्कल हा शब्द आपण जितका नाक मुरडून वापरतो तितका तिथे वापरता येत नाही, तो याचमुळे.

आता पहिला मोठा फाटा. १८२० नंतरची दोन दशके ब्रायन हॉजसन हा इंग्रज अधिकारी काठमांडूत होता. नेपाळचे पक्षी, प्राणी, स्तूप, मूर्ती या सगळ्यांची चित्रे त्याला हवी होती. त्याने राजमानसिंह चित्रकार या स्थानिक चित्रकाराला कामाला लावले. घराणे पौभा काढणाऱ्यांचेच. पण आता समोर जिवंत नाहीतर पेंढा भरलेला पक्षी, त्याची चोच मोजून काढायची, इमारत दूर जाताना लहान होत जाते ती तशी दाखवायची. राजमानसिंहाच्या रेखाटनांत हे तंत्र किती लवकर मुरले ते बघण्यासारखे आहे. यात ‘पाश्चात्त्य प्रभाव’ वगैरे मोठे शब्द वापरायची मला गरज वाटत नाही. गिऱ्हाईक बदलले, त्याने वेगळे काम मागितले, आणि हात तयार असल्यामुळे ते झाले.

मग १८४६ पासून १९५१ पर्यंत राणांची राजवट. त्यांतला पहिला, जंगबहादुर, १८५० मध्ये युरोपला गेला तेव्हा भाजुमान चित्रकार त्याच्याबरोबर होता. परत आल्यावर युरोपीय धाटणीचे महाल, झुंबरे, आरसे आणि त्यांना शोभतील अशी तैलचित्रे हवी झाली: पदकांनी छाती भरलेले राणे, शिकारीची दृश्ये, मारलेले वाघ. दीर्घमान चित्रकार १९०८ मध्ये राणा पंतप्रधान चंद्रशमशेरबरोबर युरोपला गेला. तो चित्रेही काढी आणि फोटोही. अशी बरीच चित्रकार घराणी कॅमेऱ्याकडे वळली. हा भाग आपण फार रमून बघण्यासारखा आहे असे माझे मत नाही. त्या पोर्ट्रेटांत कौशल्य भरपूर, पण बहुतेक चेहरे एकाच शिंप्याने शिवल्यासारखे. मात्र या काळाने एक दार उघडले. चंद्रमानसिंह मास्के आणि तेजबहादुर चित्रकार हे दोघे कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत शिकून आले. मास्केंना १९४० च्या राणाविरोधी धरपकडीत तुरुंगवासही भोगावा लागला. दरबाराच्या पैशाने शिकलेला चित्रकार दरबाराच्याच तुरुंगात, हे तिथल्या कलेच्या इतिहासात लक्षात ठेवावे असे वळण आहे. जुद्धशमशेर या पुढच्या राणा पंतप्रधानाच्या काळात काठमांडूत कलाशाळाही सुरू झाली, आणि चित्रकार होण्यासाठी चित्रकार जातीतच जन्मायला हवे ही अट हळूहळू सैल पडली. मला विचाराल तर कुठल्याही शैलीपेक्षा हा बदल मोठा.

१९५१ नंतर देश उघडला. आधुनिक नेपाळी चित्रकलेची सुरुवात म्हणून बहुतेक जण ज्यांचे नाव घेतात ते लैनसिंह वाङदेल जन्मले १९१९ मध्ये दार्जिलिंगला. कलकत्त्यात शिकले, तिथल्या जाहिरात कंपनीत काम करताना सत्यजित राय त्यांचे सहकारी होते. मग लंडन-पॅरिसमध्ये काही वर्षे काढून १९६१ मध्ये ते काठमांडूला आले, आणि १९६२ मध्ये त्यांनी तिथे अमूर्त चित्रांचे प्रदर्शन मांडले. लोक चक्रावले असणार यात शंका नाही. वाङदेल नेपाळी भाषेतले कादंबरीकारही होते, पुढे तिथल्या प्रज्ञा-प्रतिष्ठानचे, म्हणजे राष्ट्रीय अकादमीचे, प्रमुख झाले. म्हणजे आता गिऱ्हाईक होते राज्य: नवे राष्ट्र, नवी अकादमी, नवी प्रतिमा.

इथे आपला मुंबईचा धागा येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. त्या पिढीतले बरेच नेपाळी तरुण शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आले. सिराहाचे लक्ष्मण श्रेष्ठ आले ते मुंबईचेच झाले. त्यांचे अमूर्त कॅनव्हास, ते मोठाले रंगाचे पट्टे आणि कडे तुटल्यासारखे आकार, जहांगीर आर्ट गॅलरीत जाणाऱ्या कोणालाही परिचयाचे. शशिविक्रम शाह, कृष्ण मानंधर हेही जे. जे.चे. परत गेल्यावर शशी, कृष्ण, इंद्र प्रधान आणि बत्सगोपाल वैद्य या चौघांनी १९७१ मध्ये गट काढला आणि चौघांची आद्याक्षरे जोडून त्याचे नाव ठेवले ‘स्किब-७१’. शाह यांचे उधळलेले घोडे आणि कल्की, वैद्यांच्या चित्रांत पुन्हापुन्हा येणारे गणेश नि कलश: हे बघितले की कळते की ही मंडळी मुंबईहून तंत्र घेऊन गेली, पण काढायचे काय हे त्यांनी घरी जाऊन ठरवले. ज्यांना वाटते की नेपाळी आधुनिक कला म्हणजे पॅरिसची उशिरा पोचलेली प्रत, त्यांनी आधी या चौघांची कामे बघावीत.

दुसरीकडे पौभा काय करत होती? थांबली नव्हती. तुमच्या तारेच्या गालावरची छाया इथून येते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आनंदमुनी शाक्य या चित्रकाराने पौभेची रचना, देवतेची लक्षणे, हातांच्या मुद्रा सगळे शास्त्राप्रमाणे ठेवले, पण शरीराला गोलाई दिली. कातडीखाली मांस आहे असे वाटावे अशी. कापडाला चुण्या, दागिन्याला चमक, डोळ्यात ओलावा. भारतातून येणारी छापील देवचित्रे त्या काळी काठमांडूच्या बाजारात पोचत होती, आणि फोटोही. आनंदमुनींचे मुलगे सिद्धिमुनी यांनी ही पद्धत पुढे नेली, इतकी की आज ‘पारंपरिक पौभा’ म्हणून जे विकले जाते त्यातले पुष्कळसे याच वळणाचे असते. म्हणजे तुमचा दुकानदार आणि तुमचा मित्र दोघेही आपापल्या जागी बरोबर. सपाट रंगांची मल्लकालीन (मल्ल राजांच्या काळातली) पौभा प्रमाण मानली तर तुमचे चित्र आधुनिक. आजच्या पाटणमधला चित्रकार आपल्या गुरूकडून जे शिकतो ते प्रमाण मानले तर ते पारंपरिक.

आजच्या पौभाकारांतही दोन टोके आहेत. उदयचरण श्रेष्ठ यांच्या देवता जवळजवळ माणसांसारख्या, तैलरंगात, स्नायू आणि प्रकाश यांचा पुरता अभ्यास करून काढलेल्या. लोक चित्रकार नावाचे दुसरे पौभाकार मात्र दगडी रंग, सरस आणि जुने आराखडे यांच्याकडे हट्टाने परत गेलेले. मला व्यक्तिशः दुसरी वाट जास्त जवळची वाटते. त्यामागे माझ्या कामाचा पक्षपात आहे हे उघड आहे: हिंगूळ आणि हरताळ यांचे रंग कापडावर बसतात तसे नळीतले रंग बसत नाहीत. पण श्रेष्ठ यांच्या कामाला ‘कॅलेंडर’ म्हणून उडवून लावणाऱ्यांशी मी सहमत नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या चित्रकारानेही त्याच्या काळाचे उत्तमातले उत्तम तंत्र वापरले होते.

बाजाराबद्दल दोन शब्द. १९५९ नंतर तिबेटी निर्वासित आले, साठ-सत्तरच्या दशकांत हिप्पी आले, आणि थांक्याला एकाएकी मोठी मागणी झाली. ती पुरी करण्यात डोंगरी तामाङ समाजातल्या चित्रकारांचा वाटा फार मोठा आहे; आज ठमेल, बौद्धनाथ, भक्तपूरमध्ये दिसणारे कितीतरी थांके त्यांच्या हातचे. वर्कशॉपमध्ये एक जण आराखडा छापतो, दुसरा रंग भरतो, तिसरा सोने लावतो, आणि चेहरा बहुधा उस्तादाकडे जातो. यात फसवणूक नाही. जुन्या काळीही काम असेच वाटून होत असे. फसवणूक होते ती ‘दोनशे वर्षांचे’ म्हणून धुरकटलेले चित्र गळ्यात मारतात तेव्हा.

नव्या कलेत काय घडले, या प्रश्नाच्या उरलेल्या भागाकडे येते. जनकपूरच्या बाजूला १९८९ मध्ये महिलांचे एक विकास केंद्र सुरू झाले, आणि लग्नाकार्याला किंवा सणाला मातीच्या भिंतीवर काढायची चित्रे मैथिल बायका लोक्ता या हातकागदावर काढू लागल्या. भिंतीवरची चित्रे पुढच्या सारवणात जायची, कागदावरची विकली गेली. हातात पैसा आला, आणि विषयही बदलले. कोहबर (नवदांपत्याच्या खोलीतले चित्र) आणि मोर-हत्तींबरोबर सायकली, दवाखाने, घरकामाची भांडणे चित्रांत आली. काठमांडूत १९८७ मध्ये सिद्धार्थ आर्ट गॅलरी सुरू झाली, आणि राज्यसंस्थेबाहेरची कला उभी राहायला तिचा आधार मोठा होता. १९९६ ते २००६ या माओवादी संघर्षाच्या काळात अश्मिना रंजित यांनी काठमांडूच्या रस्त्यावर काळे कपडे घातलेल्या बायकांचा सामूहिक आक्रोश घडवला. ते चित्रही नव्हते आणि शिल्पही नव्हते, पण त्या शहरात तेव्हा याहून नेमके काही म्हणता आले असते असे मला वाटत नाही. हितमान गुरुङ परदेशी मजुरीला गेलेल्या आणि शवपेटीत परत आलेल्या माणसांवर काम करतात. २०१५ च्या भूकंपानंतर ते आणि शीलाशा राजभंडारी ज्या गटात आहेत त्या आर्ट्री नेपाळने भक्तपूरच्या एका वस्तीत लोकांबरोबर राहून कितीतरी काळ काम केले.

वाट सरळ नव्हती. २०१२ मध्ये मनीष हरिजन यांनी देवदेवतांना पाश्चात्त्य सुपरहिरोंच्या रूपात रंगवले तेव्हा धमक्या आल्या आणि गॅलरीला टाळे लागले. पण त्याच देशात देवता नव्या रूपात काढण्याला मान मिळाल्याचेही उदाहरण आहे. छिरिङ शेर्पा यांनी लहानपणी वडिलांकडून शास्त्रशुद्ध थांका शिकला, आणि आता ते त्याच देवतांचे अवयव विस्कटून, रंग वितळल्यासारखे करून काढतात. २०२२ मध्ये व्हेनिस द्वैवार्षिकात नेपाळचे पहिलेवहिले दालन लागले ते त्यांचे. तिथल्या प्रेक्षकाला सुरुवातीचा आराखडा कोष्टकात मोजून काढलेला आहे हे कळले असेल का, कोण जाणे. जाणकाराला कळते. शेर्पांचा विस्कट जमतो तो आधी मोजमाप पक्के असल्यामुळेच.

आणि चोरीचा विषय, तो टाळून पुढे जाता येत नाही. पर्यटनाबरोबर मूर्तींची लूट आली. वाङदेल यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात खोऱ्यातल्या मूर्तींचे फोटो गोळा केले आणि १९८९ मध्ये चोरीला गेलेल्या मूर्तींचे पुस्तक काढले. पाटणच्या पाटको टोलातली (टोल म्हणजे वस्ती) लक्ष्मी-नारायणाची दगडी मूर्ती १९८४ मध्ये चोरीला गेली होती. ती अमेरिकेत डॅलसच्या संग्रहालयात सापडली, आणि २०२१ मध्ये परत येऊन टोलातल्या तिच्या जागी पुन्हा बसली. अमूर्त चित्रकार म्हणून गाजलेल्या माणसाचे शेवटी सर्वात जास्त कामी आलेले काम हे असावे, यावर मी पुष्कळदा विचार करते.

एवढे झाल्यावर तुमच्या तारेकडे. पुढील गोष्टी घरी बसून बघता येतील.

दहापट भिंग घ्या आणि देवीच्या हाताच्या कडेची रेघ बघा. छापील प्रतीत रेघ बारीक ठिपक्यांत फुटते. हाताने काढलेल्या रेघेत ब्रश टेकवल्याची जाड सुरुवात आणि उचलल्याची बारीक शेपटी दिसते. मग सोने. खरे सोने सरसात खलून लावतात आणि वाळल्यावर अकीकाच्या टोकाने घोटतात. त्यामुळे एकाच पट्टीत मंद भागावर चकाकत्या रेघा उमटतात. पितळेची पूड सगळीकडे सारखीच चमकते आणि काही वर्षांत हिरवट-तपकिरी पडते. काळवंडलेपण कसे पसरले आहे तेही बघा. पूजाघरातला खरा धूर वरच्या भागात जास्त बसतो आणि गुंडाळल्यामुळे पडलेल्या आडव्या भेगांत शिरतो. चहाचे पाणी किंवा चुलीचा धूर देऊन ‘म्हातारे’ केलेले चित्र कडेपासून मध्यापर्यंत एकसारखे तपकिरी असते.

मागची बाजू बघायला विसरू नका. तिबेटी परंपरेतल्या चित्राची प्रतिष्ठा झालेली असेल तर देवतेच्या कपाळ, कंठ आणि हृदयाच्या नेमक्या मागे ॐ, आः, हूँ ही तीन बीजाक्षरे लिहिलेली असतात. बाजारासाठी केलेल्या चित्रावरही कधीकधी ती असतात, त्यामुळे नुसत्या अक्षरांवरून वय ठरत नाही. पण चित्र पूजेसाठी होते की दिवाणखान्यासाठी, याचा अंदाज येतो.

एक कळकळीची विनंती: ओल्या फडक्याने पुसू नका, आणि ‘खरा रंग आहे का’ म्हणून ओल्या कापसाने घासूनही बघू नका. पौभेचे अस्तर म्हणजे पांढरी माती आणि जनावराच्या कातड्याचा सरस. ते पाण्याने सुटते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर त्यावर बुरशी धरायला आठवडा पुरतो. चौकट करणार असाल तर काच चित्राला टेकू देऊ नका, मागे हवा खेळू द्या, आणि बाहेरच्या भिंतीवर टांगू नका.

पुढच्या खेपेला काही घ्यायचे असेल तर दुकानात ‘किती जुने’ हे विचारू नका. नेपाळच्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि जुनी दिसणारी नवी वस्तू असली तरी पुरातत्त्व विभागाचा दाखला जवळ असलेला बरा, नाहीतर विमानतळावर अडकाल. त्यापेक्षा कोणी काढले, कोणाकडे शिकला, रंग दगडी की नळीतले, हे विचारा. चांगला चित्रकार या प्रश्नांवर खुलतो, आणि पुष्कळदा आत नेऊन अर्धवट झालेले काम दाखवतो. जुने बघायचे असेल तर भक्तपूरच्या दरबार चौकातले राष्ट्रीय कलासंग्रहालय पौभांसाठी, आणि पाटणचे संग्रहालय धातूच्या मूर्तींसाठी. दोन्हींना अर्धा-अर्धा दिवस द्या. नवे बघायचे असेल तर काठमांडूतल्या गॅलऱ्या आहेतच.

तुमच्या चित्राचे वर्णन वाचून माझा अंदाज असा: मूर्तीचे वळण आनंदमुनींच्या पठडीतले, भोवतालचा निसर्ग तिबेटी, आणि काम गेल्या वीस-तीस वर्षांतले. हे चुकीचे ठरू शकते, कारण प्रत्यक्ष बघितलेले नाही. खालच्या पट्टीचा, मागच्या बाजूचा आणि डाव्या हातातल्या कमळाचा असे तीन फोटो चांगल्या उजेडात काढून टाकलेत तर जास्त खात्रीने सांगता येईल. खाली अक्षरांची ओळ असेल तर ती पुसट असली तरी फोटोत येऊ द्या, तिचा एखादा आकडा जरी लागला तरी खूप झाले.